येवन गेलेली

रियाच्या कानामागे पुरळ उठलं ही बातमी पहिल्यांदा लागली सावित्रीबाईंना. किशोरी तेव्हा तीन दगडांच्या चुलीवर चहाचं आधण ठेवत होती. सासूबाईंनी नातीचा कान पुढे वाकवून पाहिला, तिला उजेडाकडे वळवलं, गाल आतून बोटाने ताणला आणि मागे न बघताच जाहीर केलं, "गोवर."

"गोवर?" समीक्षा अंथरुणातून ताडकन उठली. ती धाकटी सून, ठाण्याची. "काहीतरीच काय, आई! रियाला लस दिलेली आहे. गाडीत एसी बाधलाय तिला. नाहीतर हे गवत, या झावळ्या... ॲलर्जी असेल."

"हयसर ये. गालात बघ. मिठाचे खडे विसकटल्यासारखे दिसतत? गवतान गालात मीठ पडणा नाय गो बाय."

समीक्षाने पाहिलं. खडे होते. तिचं तोंड एवढंसं झालं.

गावपळणीचा हा दुसरा दिवस. दर तीन-चार वर्षांनी देव कौल देतो आणि अख्खा गाव वेशीबाहेर येतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणी म्हणजे कुणी मागे राहायचं नाही. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. खाडीकाठच्या माळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात आणि पुन्हा कौल मिळेपर्यंत तोच संसार. भावाच्या लग्नाला रजा न मिळणाऱ्या मुंबईकरांना गावपळणीला मात्र रजा मिळते. सर्वेश, समीक्षा आणि रिया काल सकाळी कुडाळला उतरून थेट खोपीवर आले होते. रिया शिंकत होती, डोळे लाल झाले होते, आणि तशीच तिला तिच्या चुलतबहिणीने, किशोरीच्या तन्वीने मिठी मारली होती. दोघी सहा वर्षांच्या. रात्री एका गोधडीत झोपल्या आणि गोधडीचा अर्धा भाग कुणाचा यावरून भांडल्याही.

"बघलंस?" भिकाजींनी दात घासता घासता बाहेरून आवाज दिला. सासरेबुवा जन्मभर बोटीवर काम करून आलेले, त्यांना कशाचं म्हणून नवल वाटत नसे. "म्हातारे सांगत, साथी येवक लागल्यो म्हणान गाव सोडूची चाल पडली. आमी गाव सोडलो आणि साथ आमच्याच खोपीत जेवक बसली!"

"तुमी चूळ भरा आधी," सावित्रीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी कंबर कसली. शेजारच्या खोपींना निरोप गेला, पोरांना इकडे फिरकू देऊ नका. जुनं नऊवारी लुगडं आडवं बांधून खोपीचे दोन भाग झाले. ज्यांना गोवर येऊन गेला ते आतल्या बाजूला, बाकीचे बाहेर, अशी विभागणी सुरू झाली. सावित्रीबाईंना लहानपणी आलेला. भिकाजींनाही. विनीत आणि सर्वेश या दोघा लेकांना एकाच आठवड्यात आला होता. किशोरीला माहेरी, देवगडला. राहता राहिली एकटी समीक्षा, तिला फक्त इंजेक्शनं मिळालेली. म्हणजे सासूबाईंच्या हिशेबाने पडद्याबाहेर बसायचं ते एकट्या आजारी मुलीच्या आईने.

"मी नाही जाणार बाहेर," समीक्षा रडवेली होऊन म्हणाली.

"नको जाव. कोणी धाडल्यान तुका?" सावित्रीबाई लगेच विरघळल्या. "तू हयसरच बस. आणि तन्वी, तू गो! तू सोबतीण. तुका येवन गेलो मा?"

"व्हय!" तन्वी ऐटीत म्हणाली आणि बाहुली घेऊन पडद्याआड गेली.

ही सोबतीण म्हणजे सावित्रीबाईंच्या माहेरची, धामापूरची रीत. घरात गोवर आला की ज्या पोराला तो येऊन गेला आहे त्याने आजारी पोराजवळ बसायचं, खेळायचं, गोष्टी सांगायच्या. एकदा येऊन गेलेला पुन्हा येत नाही. तन्वी सात महिन्यांची असताना तिच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा आजीने तिला पदराखाली घेऊन सांगितलं होतं, "येवन गेलो हो गोवर." पुढे नवव्या महिन्यात लसवाली ताई दारात आली तेव्हाही आजीच म्हणाली, "येवन गेलो, आता सुई कित्याक?" ताई म्हणाली, तरी घ्या. किशोरी म्हणाली, घेऊ, घेऊ. आधीच्या सुईने पोर रात्रभर रडली होती, त्यामुळे सासूबाईंचा शब्द तिला त्या दिवशी गोडच लागला. मग टाळेबंदी लागली आणि ते घेऊ-घेऊ तिथेच राहिलं. घरात तन्वीचं नावच पडलं, येवन गेलेली.

दुपारपर्यंत रियाचं पुरळ कपाळावरून मानेवर, मानेवरून छातीवर उतरलं. किशोरी तिच्या कपाळावरची ओली घडी बदलत होती. घडी ठेवली की गरम होई. पलीकडे तन्वी रियाला खोटं खोटं वाढत होती आणि रिया डोळे मिटून, न खाता, "अजून वाढ" म्हणत होती. किशोरीला दोघींची माया आली. तिने सहज विचारलं, "आई, पुळयो तर भायर इल्यो. आता ताप उतारतलो मा?"

"खंय उतारता? गोवराचो ताप पुळयांवांगडाच चढता. आंग भरून येवंदे, मगे उतारतलो." सावित्रीबाई पेजेत मीठ घालत म्हणाल्या.

किशोरीच्या हातातली घडी हातातच राहिली. पाणी कोपरावरून ओघळून साडीत गेलं तरी तिला कळलं नाही.

तन्वीचा ताप पुरळाबरोबर चढला नव्हता. तीन दिवस पोर तव्यासारखी तापली होती आणि चौथ्या दिवशी सकाळी ताप एकदम गेला. घरात केवढा आनंद! सासूबाईंनी शिरा केला, भरपूर तूप आणि बेदाणे घालून. शिरा खाऊन सगळे हात धुतात न धुतात, तोच पोरीच्या पाठीवर बारीक पुरळ उठलं. आणि ताप? तो काही परत आला नाही. पोर खिदळत होती.

किशोरी उठली. तिचा नवरा विनीत बाहेर आपल्या टेंपोच्या सावलीत बसून जाळीवर बांगडे भाजत होता.

"अहो, शिऱ्याचो दिवस आठवता?"

"खंयचो शिरो?"

"तन्वी लहान असताना. ताप उतारलो तेव्हाचो."

"आठवता तर! आयेन तूप घातल्यान ता माझ्या कोपरापर्यंत इला. आणि मगे पोरीच्या आंगार पुळयो..." विनीत बोलता बोलता थांबला. त्याने पडद्याकडे पाहिलं. आत दोन्ही पोरी एका बाहुलीला निजवत होत्या. "किशोरी. पुळयो इल्यो तेव्हा ताप नाय होतो."

"नाय होतो."

"मगे तो गोवर नाय होतो."

"नाय," किशोरी म्हणाली. "आणि सुई पण नाय. आणि काल सकाळपासून ती रियाच्या तोंडाक तोंड लावन बसली आसा."

बांगड्याची एक बाजू करपली. दोघांनाही एकच प्रश्न पडला होता आणि तो विनीतने विचारला, "आयेक कोण सांगतलो?"

आईला सांगणं सोपं नव्हतं. सावित्रीबाई कुणाच्या अंगावर धावून जाणाऱ्या नव्हत्या, पण त्यांचा शब्द घरात नारळासारखा होता. एकदा वाढवला की वाढवला. किशोरीने पहिली गोष्ट केली ती तन्वीला पेज खायला म्हणून बाहेर बोलावलं आणि टेंपोत बसवून ठेवलं. दुसरी गोष्ट, तिने समीक्षाला गाठलं. सकाळच्या एसी आणि ॲलर्जीनंतर या जावेपाशी मन मोकळं करावं असं तिला वाटत नव्हतं, पण समीक्षाकडे डॉक्टरचा नंबर होता.

समीक्षाने सगळं ऐकून घेतलं. मग तोंड फिरवून म्हणाली, "वहिनी, मी सकाळी कसल्या तोऱ्यात बोलले ना! रियाचा एकच डोस झालाय. दुसरा त्या लॉकडाऊनमध्ये राहिला तो राहिलाच. आणि मी सगळ्यांना सांगत फिरते, लस दिलीय, लस दिलीय."

"मिया तर एक पण देवक नाय," किशोरी म्हणाली. "तू निदान अर्धा रांधलंस. माझी चूल पेटलीच नाय."

दोघी रडता रडता हसल्या. नेटवर्कसाठी माळाच्या उंचवट्यावर जाऊन, डोक्यावर पदर घेऊन त्यांनी फोन लावला. ठाण्याचे डॉक्टर सावकाश बोलले. एका डोसाने बहुतेक मुलांमध्ये ताकद येते, थोड्या मुलांमध्ये ती धरत नाही, दुसरा डोस त्या थोड्यांसाठीच असतो. रियाला तपासून घ्या, अ जीवनसत्त्वाचा डोस द्यायला सांगा, पाणी पाजत राहा. आणि दुसऱ्या मुलीला लस नसेल, आजारही झालेला नसेल, तर तिच्या अंगात गोवराशी लढणारं काहीच नाही. पण संपर्क होऊन तीन दिवस उलटायच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो. खात्री नाही, पण संधी आहे. आजच जा.

"आजच," समीक्षा फोन ठेवत म्हणाली. "वहिनी, आईंना तुम्ही सांगा. मी तुमच्या मागे उभी राहते."

आणि खरोखरच मागे उभी राहिली, किशोरीचा पदर मुठीत धरून.

सावित्रीबाईंनी ऐकलं. पेजेचं भांडं खाली उतरवलं. भिकाजी, सर्वेश, विनीत, सगळे एव्हाना चुलीभोवती गोळा झाले होते.

"म्हणजे माका गोवर कळणा नाय?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "ह्या पोराचो एका नदरेत सांगलंय तो गोवर, आणि त्या पोराचो सांगलंय तो गोवर नाय?"

"तसा नाय, आई."

"मगे कसा?"

"आई, खरंच, आज सकाळी तूच ओळखलंस," सर्वेश मध्ये पडला. थोरल्याची बाजू घ्यावी की आईची, हे त्याचं लहानपणापासून ठरत नसे, आणि आता बायको वहिनीच्या पदराला धरून उभी. "पण..."

"पण काय? बोल मरे!"

"आणखी एक आसा," भिकाजी म्हणाले. "घरात गोवर असताना सुई टोचून घेवची नसता, असा आमची आवस म्हणे. पोराक बरा वाटांदे, कौल घेव, गावात जाव, मगे काय ती सुई..."

"तोपर्यंत वेळ जातलो, आबा," किशोरी म्हणाली. सासऱ्यांना मध्येच तोडायची तिची ही पहिलीच वेळ. तिला या दोघांबद्दल खरंच माया होती, माहेरच्यांहून जास्त. ती सासूबाईंसमोर उकिडवी बसली. "आई, रियाच्या गालात तुमी मिठाचे खडे बघलात. तन्वीच्या गालात बघलेले?"

"सात म्हयन्याच्या पोराच्या तोंडात कोण बोट घालता?"

"रियाचो ताप पुळयांवांगडा चढलो. तुमीच सांगलात, गोवराचो असोच चढता. तन्वीचो ताप उतारलो म्हणान तुमी शिरो केलात. पुळयो शिऱ्यानंतर इल्यो."

चुलीत लाकूड फुटलं. पलीकडच्या खोपीत कुणाचा तरी कोंबडा अवेळी आरवला.

"बेदाणे घातलेले," सावित्रीबाई हळूच म्हणाल्या.

"व्हय."

सावित्रीबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग चुलीकडे बघतच म्हणाल्या, "लक्ष्मीक गोवर इलो तेव्हा शिरो करूचो दिवस येवकच नाय."

लक्ष्मी ही त्यांची धाकटी बहीण. तिचं नाव त्या वर्षा-दोन वर्षांतून एकदा घेत, तेही पितृपक्षात, म्हाळाच्या जेवणाला. ती गोवराने गेली एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मिया तिची सोबतीण होतंय. माका आधी येवन गेललो. तिका ताप चढलो तो चढलोच. पुळयो इल्यो, तरी चढलो. मगे छाती भरली." त्यांनी पदराने नाक पुसलं. "ह्या घरात पोर जन्माक इला काय माझ्या पोटात गोळो येता. कधी येतलो, कसो येतलो. तन्वीच्या आंगार पुळयो बघलंय आणि पोर हसता ह्या बघलंय... वाटला, सुटलंय. येवन गेलो. इतको सोपो येवन गेलो."

किशोरीला आत्ता कळलं. इतकी वर्षं ज्याला ती सासूबाईंचं निदान समजत होती ते निदान नव्हतंच. तो सुटकेचा श्वास होता. इतका घाबरलेला माणूस असं काहीतरी बोलणारच, आणि इतका मायेचा माणूस ते खरंही धरून चालणार. तिने सासूबाईंचा हात धरला. तो पेजेच्या वाफेने ओला होता.

"आता सोपो येवन जाऊचो वायच उपाय आसा, आई. आजच्या आज."

सावित्रीबाई उठल्या. लुगडं झटकलं.

"टेंपो काड रे विनीत. बांगडे खाली उतर आधी, मेल्या, सगळे जाळलंस! आणि तुमी," त्या नवऱ्याकडे वळल्या, "तुमच्या आवशीक मिया वर गेल्यावर समजावतंय."

"माका काय सांगतंस? मिया तर कधीचो म्हणतंय, सुई देवा म्हणान," भिकाजी म्हणाले आणि टेंपोचं फळकट उघडायला सगळ्यांच्या आधी गेले.

तालुक्याचा दवाखाना वेशीच्या बाहेरच्याच बाजूला, त्यामुळे गावात पाऊल टाकण्याचा प्रश्न नव्हता. रियाला घेऊन समीक्षा आणि सर्वेश मागे, तोंडाला रुमाल बांधून. तन्वी पुढे आजीच्या मांडीवर. रियाला इतर पोरांत नको म्हणून डॉक्टरीणबाई स्वतः टेंपोपाशी आल्या, गालात पाहिलं, छाती ऐकली. श्वास मोकळा आहे, म्हणाल्या. औषध दिलं, उद्या पुन्हा आणा म्हणाल्या.

मग तन्वीची पाळी. आत टेबलापाशी नर्सबाई कागद पुढे ओढून विचारू लागल्या. नाव. वय. आधीची लस.

"नाही," किशोरी म्हणाली.

"आधी कधी गोवर झाला होता का?"

हे उत्तर इतकी वर्षं दुसऱ्या कुणीतरी दिलं होतं. किशोरीने सासूबाईंकडे पाहिलं. दारात विनीत उभा होता, त्यानेही पाहिलं. सावित्रीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. सरकारी कचेरीत गेलं की त्या ठेवणीतली शुद्ध मराठी काढत, लग्नातल्या पैठणीसारखी. तीच त्यांनी आत्ता काढली.

"नाही. आमच्या तन्वीला गोवर आलेला नाही." आणि मग ती पैठणी सोडून, नर्सबाईंना नव्हे, आणखी कुणाला तरी बजावल्यासारखं म्हणाल्या, "येवक नाय. आणि येवचो पण नाय."

सुई टोचली तेव्हा तन्वीने दवाखाना डोक्यावर घेतला. सावित्रीबाईंनी तिला पोटाशी इतकी घट्ट धरली होती की रडणं कुणाचं आणि हुंदका कुणाचा, किशोरीला वेगळं करता येईना. दोन आठवडे लक्ष ठेवा, नर्सबाई म्हणाल्या. ताप आला तर लगेच आणा. दोघी बहिणींना वेगळं ठेवा. दुसऱ्या डोसाला मात्र विसरू नका.

"आता इसरत नाय," सावित्रीबाई म्हणाल्या.

येताना टेंपोत त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, देवळात घालतात तसं, मोठ्याने. "बा देवा महाराजा, आज ह्या पोराक सुई टोचली हा, ती लागू पडांदे रे महाराजा!" आणि पुढे-मागे बसलेल्या सगळ्यांनी, ठाण्याच्या समीक्षानेसुद्धा, "व्हय महाराजा!" म्हटलं. विनीतने हॉर्न वाजवला.

खोपीवर पोचेपर्यंत उन्हं खाडीवर कलली होती. शेजारच्यांनी त्यांच्यासाठी माळाच्या टोकाला दुसरी एक लहान खोप बांधून ठेवली होती, कुणी न सांगता. किशोरी आणि तन्वी तिथे राहायला गेल्या. दोन खोपींत हाकेचं अंतर. भिकाजी मधल्या जागेत दगडावर बसून इकडची बातमी तिकडे पोचवू लागले. बोटीवर हेच काम केल्याच्या थाटात.

थोड्या वेळाने पलीकडून रियाचा बारीक, खोकत आलेला आवाज ऐकू आला. "तन्वी, तू का येत नाहीस? तुझा तर गोवर येऊन गेलाय ना?"

तन्वी खोपीच्या दारात आली. दंडावरचा कापूस तिने अजून पडू दिला नव्हता, एका हाताने दाबून धरला होता.

"नाय गो!" ती जोरात ओरडली. "माका गोवर येवक नाय! माझी सुई येवन गेली!"

भिकाजी हसता हसता दगडावरून पडायचे राहिले. "ऐकलंस गो?" त्यांनी बायकोला हाक दिली. "आता शिरो कर बघूया."

"नाय," सावित्रीबाई रियाच्या कपाळावरची घडी बदलत म्हणाल्या. "आता दोन आठवडे थांबा. मगे दोघींका वांगडाच करतंय."

आणि बेदाणे उरले आहेत का, म्हणून त्यांनी किशोरीला तिथूनच विचारलं.